रिव्ह्यूअरला फराळ पाठवायचाय, पण पत्ता कुणाला माहीत?

कोलबाडच्या_मॅडम (ठाणे), ९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मी शिक्षिका आहे, प्रस्तावना केल्याशिवाय फळ्याकडे वळत नाही. जरा दम धरा.

मी कोलबाडला राहते. एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतेय. जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेले डबे शोधायच्या खेळाचा, नाद मुलीमुळे लागला. ती जर्मनीत असते. २०२२ च्या उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होते. रोज संध्याकाळी फिरायला गेलं की ही बाई मोबाइल बघत बघत मधेच थांबायची आणि झाडाच्या ढोलीत हात घालायची. मी म्हटलं, साप निघेल गं. साप नाही, डबी निघाली. आत कागदाची सुरळी आणि तिच्यावर कुठकुठल्या अनोळखी लोकांच्या सह्या. मला आमच्या चाळीतला डबा ऐसपैस आठवला. फरक एवढाच, की इथे माणसं लपत नाहीत, डबाच लपतो आणि राज्य सगळ्या जगावर.

परत आल्यावर आपणही एक डबा लपवायचा असं डोक्यात घेतलं. या खेळात डब्याला कॅश म्हणतात. (शेजारच्या वहिनींना सांगितलं, "मी कॅश लपवणार आहे." त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मग बँकेत लॉकर कशाला घेतलाय?")

पहिली जागा निवडली येऊरला, फाटकाच्या आत, एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी. खेळाच्या वेबसाइटवर माहिती भरली, सबमिट केलं आणि आता पहिली सही कोण मारतंय याची वाट बघत बसले. चार दिवसांनी रिव्ह्यूअरचं, म्हणजे नवीन कॅश तपासून पास करणाऱ्याचं, उत्तर आलं. अभिनंदन वगैरे काही नाही. ही जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, वनखात्यातल्या कोणी परवानगी दिली? अंधार पडल्यावर कोणी डबा शोधत आत शिरला तर? एवढंच. माझं डोकं तडकलं. येऊरला मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून करवंदं खायला जातेय, आणि मला हद्द कोण शिकवणार? तणतणत दोन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "सगळं बरोबर आहे. फक्त बिबट्याला मराठी वाचता येतं का तेवढं विचारून घे." ते उत्तर मी पाठवलं नाही.

दुसरी जागा मिळाली उपवनजवळच्या एका नर्सरीत. मालक आमच्या ओळखीतले, परवानगी तोंडी नाही, कागदावर सहीनिशी घेतली. जागेचे आकडे मोबाइलवर नीट घेतले, तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन घेतले, कारण झाडाखाली आकडे नाचतात हे मला माहीत होतं. आणि मग जे केलं ते लिहायला लाज वाटते. मोबाइलने अंश-मिनिटं-सेकंद दाखवले होते. कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं भरायची असतात. माझे १८ सेकंद होते. मी मिनिटांपुढे टिंब देऊन सरळ .१८० लिहिलं. अहो, १८ सेकंद म्हणजे ०.३ मिनिट! नववीच्या पोराने असं केलं असतं तर वही परत फेकली असती. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ०.१२ मिनिटाचा फरक म्हणजे सव्वादोनशे मीटर. रेखांशातही तोच घोळ. परिणाम असा की माझी नर्सरी तळ्यात.

रिव्ह्यूअरने नकाशा उघडून बघितला होता. टिपण आलं: बिंदू पाण्यात दिसतोय, डबा तरंगता आहे का? बहुधा सेकंद आणि दशांश मिनिटांत गल्लत झाली आहे, एकदा तपासाल का? सोबत बरोबर आकडा काय असावा तेही काढून दिलं होतं. मी शाळेचं नाव, विषय, काहीच कळवलं नव्हतं हे नशीब.

तिसऱ्यांदा परत आली ती डब्यावर काय लिहिलंय या प्रश्नावर. आपल्याकडे "बेवारस वस्तूला हात लावू नका" हे रोज कानावर पडतं. गर्दीच्या शहरात कोणाच्या नजरेला पडला तर गोंधळ नको म्हणून डबा पारदर्शक हवा आणि वर चिठ्ठी हवी. मग मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं: हा खेळाचा डबा आहे, आत फक्त वही-पेन्सिल आहे, शंका असल्यास काउंटरवर विचारा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी कॅश पब्लिश झाली. ती वेळ माझ्या डोक्यात बसलीय. कारण मी साठ वह्या तपासते त्याचा पगार घेते, आणि तरी रविवारी तपासत नाही. हा माणूस (बाईही असेल, टोपणनावावरून काय कळणार) स्वतःची नोकरी, जेवणखाण उरकून, एक पैसा न घेता, माझं तळं निरखत बसलेला. आणि मी मनात त्याला काय काय बोलले होते.

तर प्रश्न: या माणसाचे आभार कसे मानायचे? दिवाळी आलीय. मला फराळ पाठवायचाय. नाव नाही, गाव नाही. असं काही पाठवलेलं चालतं का, की पुढची कॅश पास व्हावी म्हणून लाच दिली असं होईल?

---

एंडकॅप_नेरूळ

मॅडम, चकल्या इकडे पाठवा, मी पोचवतो. 😄

गंमत सोडा. नेरूळला माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे पाणी कुठून शिरतं ते मला विचारायचं. पहिली कॅश बनवली तेव्हा मला फार हौस. दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, एका तोंडाला सोल्यूशन लावून एंड कॅप पक्की, दुसऱ्या तोंडाला आट्यांची कॅप, आत रबरी वॉशर. (टेफ्लॉन टेप लावू नका कोणी. दोनदा उघडली की लोंबते.) रात्रभर बादलीत बुडवून ठेवला, सकाळी आतला कागद कोरडा ठणठणीत. फोटो काढून मोठ्या ऐटीत पानावर टाकला.

रिव्ह्यूअरने एक ओळ लिहिली. दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप झुडपात सापडला तर पोलिसांना तो काय वाटेल?

मी दुकानात बसून हसलो आणि मग हसू थांबलं. चाळीस वर्षांचा माणूस मी, दिवसाला शंभर पाइप कापतो, माझ्या डोक्यात हे आलं नाही. तो तुकडा अजून गल्ल्याशेजारी पेनं ठेवायला वापरतो. नंतर साधा चार क्लिपांचा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला पारदर्शक डबा घेतला आणि आमच्या सोसायटीच्या बागेत सेक्रेटरींची परवानगी काढून ठेवला.

आता तुमचा मुद्दा. मी आभाराचा मेसेज टाकला होता. उत्तर आलं: धन्यवाद, लॉगबुक कोरडं ठेवा. मला ते पटलं. जुलैत दर पंधरा दिवसांनी जातो. डबा कितीही भारी घ्या, शोधणारा घाईत झाकणात पिशवीचा कोपरा अडकवतो आणि तिथून पाणी ओढलं जातं. बरं, डब्यात पेन ठेवू नका, पेन्सिल ठेवा. जेल पेनची शाई ओलीत पसरते, शिसं जागच्या जागी राहतं. आणि पेन्सिल ठेवलीत तर शार्पनर पण ठेवा, नाहीतर लोक दाताने टोक काढतात, मी खुणा बघितल्यात.

---

खाडीकाठचा_खेकडा

सगळे इतके गोड गोड बोलताय म्हणून लिहितो. माझ्या दोन कॅश याच आभारमूर्तींनी हाणून पाडल्या. एक आधीच्या कॅशपासून १४० मीटरवर होती म्हणून घेतली नाही. नियम १६१ मीटरचा. एकवीस मीटर! वाशीत एकवीस मीटरमध्ये दोन वडापावच्या गाड्या आणि एक एटीएम असतं. दुसरी चांगली तीन वर्षं चाललेली. मी गणपतीला गावी गेलो, आलो तर अर्काइव्ह, म्हणजे कायमची बंद. फुकट काम करतात म्हणून काय पाया पडायचं? कोणी सांगितलंय करायला?

---

लोकलची_चौथी_सीट

मी अगदी नवीन आहे, ऐरोलीहून. आतापर्यंत अकरा सापडल्यात. खरं सांगू, मला वाटायचं हे सगळं कंपनीची माणसं करतात, पगारी. किंवा कॉम्प्युटर आपोआप करतो. मॅडमची पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण मी प्रत्येक लॉगमध्ये (डबा सापडल्यावर त्याच्या पानावर लिहायची नोंद) फक्त "टीएफटीसी" लिहिलंय, म्हणजे थँक्स फॉर द कॅश. अकराही ठिकाणी.

---

एंडकॅप_नेरूळ

खेकडेबुवा, रागावू नका, पण तुमची ती दुसरी कॅश मी शोधली होती. म्हणजे शोधायला गेलो होतो. दोनदा. पहिल्यांदा एप्रिलमध्ये. जागेवर नुसती तार लोंबत होती. सापडली नाही असा लॉग टाकला. मेमध्ये परत गेलो, बायकोला सांगितलं वाशीला मार्केटला जातो. तार पण गेलेली. तेव्हा मालकाने लक्ष द्यावं असा लॉग टाकला. जुलैत अजून एकाने टाकला. मग रिव्ह्यूअरने कॅश तात्पुरती बंद करून पानावर लिहिलं की साधारण २८ दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर करणार असाल तर तसं एक ओळ कळवा. एक ओळ! गावी नेटवर्क नव्हतं हे पण कळवता आलं असतं, एसटी स्टँडवरून.

१६१ मीटरचं म्हणाल तर तो दहावा भाग मैल आहे, तिकडचं माप, म्हणून आकडा असा वेडावाकडा. पण दोन डबे जवळजवळ असले की लोक एकाचे आकडे घेऊन दुसऱ्याचा डबा उघडतात आणि भलत्याच वहीत सही करतात. माझ्या वहीत अशी एक सही आहे. बिचारा अजून शोधतोय की काय कोण जाणे.

---

खाडीकाठचा_खेकडा

होळीनंतर जाऊन बघितलं नव्हतं हे मान्य. बाकी मान्य नाही.

---

कोलबाडच्या_मॅडम

चौथी सीट, बाळा, पोटात कालवू नकोस. लॉग नंतरही बदलता येतो. कुठे गेलीस, कोण भेटलं, पायाखाली काय होतं, दोन ओळी लिही. मालकाला ईमेल जातो गं तुझ्या लॉगचा. मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवते. कोणी नुसतं "टीएफटीसी" लिहिलं की बाकीच्या बायका विचारतात, हा कुठला नवीन सरकारी फॉर्म?

खेकडा, तुमचंही खोटं नाही. कोणी सांगितलं नव्हतं करायला. म्हणूनच तर माझी अडचण आहे. पगारी माणसावर रागावता येतं, त्याच्या साहेबाकडे तक्रार करता येते. याचं काय करायचं?

तुम्हा सगळ्यांना अजून एक सांगायचं राहिलं. माझ्या नर्सरीत झाडांना पाणी घालायला एक मावशी येतात. जिओकॅशिंग हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. "बाई, तुमचा तो सह्यांचा डबा" म्हणतात. ऑगस्टमध्ये मी धास्तीने बघायला गेले, की वही भिजून लगदा झाला असणार. डबा उघडला तर आत कडुलिंबाचा पाला. वाळवलेला, छान कुरकुरीत, वहीच्या वर-खाली थर देऊन. विचारलं तर म्हणाल्या, "गव्हात घालतो की आपण. कागदाला कसर लागते पावसाळ्यात." वर हेही सांगितलं की एक मुलगा झाकण नुसतं टेकवून गेला होता, त्याला त्यांनी गेटवरून परत बोलावून चारी क्लिपा लावायला लावल्या. मावशींचं खातं नाही, टोपणनाव नाही, त्यांना कोणी लॉग लिहीत नाही. त्यांना निदान साडी तरी देता येईल. रिव्ह्यूअरचं काय, हा प्रश्न तसाच आहे.

---

मोजणीदार_घोडबंदर

उशिरा लिहितोय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्या अक्षरात वाचावं लागतं.

मी सरकारी मोजणीत चौतीस वर्षं काढली. साखळी, डम्पी लेव्हल, थिओडोलाइट सगळं खांद्यावरून वाहिलंय. म्हणून २ मे २००० ही तारीख लक्षात आहे. त्याआधी जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटरपर्यंत हुकायचं. क्लिंटन यांच्या सरकारने ती भेसळ त्या दिवशी बंद केली आणि हातातलं यंत्र एका रात्रीत शहाणं झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली जंगलात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि शेंगदाण्यांचा... नाही, बीन्सचा एक बंद डबा. बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती.

आता बघा. पुरलेला डबा आज सहसा चालत नाही. खाण्याची वस्तू चालत नाही, जनावरं वासाने येतात. म्हणजे या खेळाची पहिली कॅश आजच्या रिव्ह्यूअरपुढे आली तर दोन कारणांनी परत जाईल. खेकड्याला यातून थोडं बरं वाटावं.

मला त्यात जास्त आवडतो तो शोधणारा. माइक टीग. त्याने ती बादली शोधली आणि मग इतर लोक जे डबे लपवत होते त्यांची यादी आपल्या घरच्या वेबपेजवर ठेवायला लागला. त्याला कोणी नेमलं नव्हतं. नोंद ठेवायला कोणीतरी हवं, ते त्याने ठेवलं. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशने मोठी वेबसाइट सुरू केली तेव्हा सगळ्या मिळून ७५ कॅश होत्या. आज तीस लाखांच्या वर आहेत, आणि प्रत्येक नवीन पान अजूनही कोणीतरी टीगसारखाच बिनपगारी बसून वाचतो. मोजणी खात्यात असं नव्हतं. तिथे तपासनीस सही करायचा, बघायचा नाही.

मॅडम, फराळाचं म्हणाल तर इव्हेंट घ्या, म्हणजे खेळणाऱ्यांचा मेळावा. तलावपाळीला. इव्हेंटसुद्धा कॅशसारखाच पानावर टाकावा लागतो, तोही रिव्ह्यूअरच तपासतो. म्हणजे आमंत्रण आपोआप त्यांच्याच हातात पडेल. किमान दोन आठवडे आधी पाठवा, आणि निदान अर्धा तास तरी थांबावं लागतं असा नियम आहे. ठाण्याची माणसं अर्ध्या तासात उठत नाहीत, त्याची काळजी नको.

---

लोकलची_चौथी_सीट

काका, शेंगदाण्यांचा डबा असता तर मी ओरेगनला गेले असते.

सहा लॉग बदलले. एका मालकांचा उलट मेसेज आला की दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांच्या पिंपळाबद्दल लिहिलं. इव्हेंट ठेवा ना मॅडम, मी येईन. काही कामं असली तर सांगा.

---

कोलबाडच्या_मॅडम, २१ जानेवारी

मंडळी, जे आले नाहीत त्यांच्यासाठी हकिगत.

दिवाळीला जमलं नाही, सहामाहीचे पेपर आडवे आले. जानेवारीतला रविवार ठरवला, मासुंदा तलावाच्या काठी, सकाळी साडेआठ. इव्हेंटचं पान लिहिलं आणि शेवटी उत्साहाने भर घातली की नंतर तहसील कचेरीजवळची मिसळ, नाव सांगायची गरज नाही, आणि शेजारच्या एका दुकानदाराने आपल्या मंडळींना खरेदीवर दहा टक्के सूट कबूल केलीय. दोन दिवसांत पान परत. सूट हा धंद्याचा मजकूर होतो, तेवढी ओळ काढा. मिसळीबद्दल मात्र हरकत नव्हती. मी ओळ काढली. या खेपेला राग आला नाही. म्हणजे आला, पण चहा होईपर्यंत टिकला नाही.

पाठवताना रिव्ह्यूअरसाठी म्हणून खाली स्वतंत्र टिपण लिहिलं. आभार हा शब्द चार वेळा लिहून चार वेळा खोडला, निरोप समारंभातल्या भाषणासारखं वाटायला लागलं. शेवटी जे घडलं तेच लिहिलं. तुम्ही पकडलेली माझी चूक मी नववी ब ला गणित म्हणून घातली. एका बाईंनी १८ सेकंदांच्या जागी .१८ मिनिट लिहिलं, तर त्यांचा डबा किती मीटर हलला? त्या बाई कोण ते सांगितलं नाही. अडतीसपैकी एकतीस जणांचं उत्तर बरोबर आलं. एका मुलाने उत्तराखाली लिहिलं होतं, "त्या बाईंना पोहता येत होतं का?" असं सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. नुसता इव्हेंट पब्लिश झाला. पुन्हा रात्रीचे पावणेबारा.

रविवारी मी दोन डबे चकली आणि एक डबा शंकरपाळ्या घेऊन सव्वाआठलाच कट्ट्यावर जाऊन बसले. दिवाळी होऊन गेली तरी फराळ केला, वहिनींनी विचारलंच, आता कसली दिवाळी. मोजणीदार काका काठी टेकत पहिले आले. त्यांनी आधी जागेचे आकडे तपासले आणि मान हलवली, मग नमस्कार केला. एंडकॅप सहकुटुंब, आणि हातात तो पीव्हीसीचा तुकडा, त्यात पेन्सिली. चौथी सीट खरोखर ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर बसून आली म्हणे, अर्धी बाहेर. नर्सरीतल्या मावशींना मी मुद्दाम रिक्षाने आणलं होतं. त्यांना बांधणीची साडी दिली, ती त्यांनी तिथेच उलगडून काठ तपासले आणि "धुवून रंग जाणार नाही ना" विचारलं. बाकी चार-पाच जण मला अनोळखी होते. कोणाला टोपणनाव विचारायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं, म्हणजे न जाणो, तो माणूस आला असेल तर त्याला अवघडायला नको. त्यामुळे सगळे एकमेकांकडे लग्नातल्या वरपक्षासारखे बघत होते. अर्धा तास म्हणता म्हणता साडेअकरा झाले. निघताना सगळ्यांनी मिळून कट्ट्याखालचे कप आणि पिशव्या उचलल्या, गोणीभर निघाल्या. त्यातले आमचे फक्त अकरा होते, मी मोजले.

आता मुख्य. सह्यांसाठी मी एक शंभरपानी वही फिरवत ठेवली होती. घरी येऊन चाळली तर तिसऱ्या पानावर, मधोमध, पेन्सिलीने, अगदी बारीक आणि सरळ अक्षरात दोनच शब्द: "मिनिटं बरोबर." खाली सही नाही, टोपणनाव नाही.

आता ही चूक मी इथेच सगळ्यांसमोर कबूल केली होती, त्यामुळे तुमच्यापैकी कोणीही चेष्टा केलेली असू शकते. केली असेल तर सांगून टाका, मी रागावणार नाही. काका म्हणतात त्यांना अजून इतकं बारीक दिसतच नाही. एंडकॅप शप्पथ घेतात. चौथी सीटचं अक्षर मी बघितलंय, ते सरळ नाही.

---

खाडीकाठचा_खेकडा

मी नव्हे. माझी सही दुसऱ्या पानावर आहे, मिसळीच्या डागाखाली.